नावावर ठेवलेला अंगठा

एका बाईच्या नवऱ्याचं नाव मी तिच्याऐवजी घेतलं, आणि तेही भलत्याच बाईच्या नवऱ्याचं. एवढीच माझी चूक. लग्नाच्या मांडवात झाली असती तर सगळ्या हसल्या असत्या आणि मीही हसले असते. माझी झाली ती कॅन्सरच्या वॉर्डात, सलाईन लावताना.

तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. बाईमाणसाचं अगदी अल्लड वय. तीस वर्षं नर्सिंग झालेलं, हाताखाली चार पोरी, आणि आपल्याला सगळं कळतं हा समज डोक्यात पक्का. आज माझी नात मला मोबाईल शिकवताना जे तोंड करते, तेच तोंड करून मी तेव्हा जगाला शिकवत होते.

ती चूक ज्यांनी पकडली त्यांच्याबद्दल लिहायचंय. त्यांचं नाव मी लिहीत नाही. अंगठा मात्र लिहिते. उजव्या हाताचा, नखाच्या कडेला जुनी कापल्याची खूण असलेला. रुग्णाची फाइल समोर आली की तो अंगठा फाइलवरच्या नावावर जाऊन बसायचा. नाव पूर्ण झाकून. मग चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, “आता विचारा.”

“अहो, मला ठाऊक आहे. या हिराबाई.”

“त्यांना सांगू द्या.”

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. बरोबर असतात आणि त्यामुळेच डोक्यात जातात.

आमचं हॉस्पिटल म्हणजे शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एका ट्रस्टची दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत सहा खुर्च्या. त्या खुर्च्यांत बसून लोक कॅन्सरचं औषध शिरेतून घ्यायचे. एक औषध सरबतासारखं लाल, दुसरं पाण्यासारखं. सकाळी बसायचं, दुपारी उठायचं, आणि एसटीने घरी. त्या सहा खुर्च्या नसत्या तर हेच लोक पुण्याला गेले असते, आणि येताना हडपसरपासून यवतपर्यंत खिडकीतून ओकत आले असते.

मग फर्मान आलं की हॉस्पिटलला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळालं नाही, तर सरकारी योजनेतून आपलं नाव जाईल आणि खुर्च्या बंद होतील. प्रमाणपत्र मिळवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ट्रस्टने हे गृहस्थ आणले. कुठून? रांजणगावच्या कारखान्यातून! वीस वर्षं तिथं क्वालिटीत होते, यंत्राचे भाग तपासत होते.

मी घरी जाऊन आमच्या यांना म्हटलं, “बेअरिंग मोजणारा माणूस आता मला सुई टोचायला शिकवणार.”

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “शीक मग.”

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हांला एकच गोष्ट सांगितली. औषध लावण्याआधी दोघींनी वेगवेगळं तपासायचं, आणि रुग्णाला त्याचं पूर्ण नाव त्याच्या तोंडून सांगायला लावायचं. आपण वाचून दाखवायचं नाही. आपण वाचलं की माणूस मान डोलावतो, म्हणाले. मला हसू आलं. सहा खुर्च्या, ओळखीची माणसं, कुणाच्या सुनेला कितवा महिना तेसुद्धा मला पाठ. त्यांना नाव काय विचारायचं?

माणसंही चिडायची. इनामगावचे एक आप्पा होते, त्यांनी तर वॉर्ड डोक्यावर घेतला. “आवं सायेब, चार म्हयनं झालं येतूय, आन् आजून नाव इचारता? इसरभोळं हायसा काय?”

“व्हय आप्पा. मी विसरतो. तुम्ही सांगा.”

आप्पांनी नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, आजोबांचंही सांगितलं, आणि वर म्हणाले, “आता ल्ह्यून ठिवा की कुठंतरी.” अंगठ्याखाली लिहिलेलंच होतं. आम्ही पोरी-पोरींनी मागून त्यांना अंगठाबहाद्दर नाव ठेवलं, तेही हॉस्पिटलमध्ये सगळ्यात जास्त लिहिणाऱ्या माणसाला.

खरी अडचण बायकांची झाली. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव आलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ते घेतात होय? एक बाई तर चक्क रडायला लागली. “चाळीस वरसात घ्येतलं न्हाई, आन् ह्या दुखण्यापायी घ्यू व्हय?” मी हात कमरेवर ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. आता काय करशील, बेअरिंगवाल्या?

ते दोन दिवस खुर्च्यांभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी खुर्चीजवळ स्टूल घेऊन बसले, फाइलवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “बाई, उखाणा घ्या.”

वॉर्डात खसखस पिकली. मी म्हटलं, “साहेब, हळदीकुंकू मांडू का शेजारी?” पण बाईंनी पदर सावरला आणि सुरू केलं:

“काळ्या रानात पिकला कांदा, ज्ञानोबारावांचं नाव घेते, पट्टी नीट बांधा.”

अंगठा उचलला गेला. खाली ज्ञानोबा. त्यांनी पट्टी नीट बांधली आहे का तेही वाकून पाहिलं.

त्या दिवसापासून सहा खुर्च्यांत उखाण्यांची चढाओढ लागली. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला चव नाही, आणि बायका घरून जुळवून आणायच्या. कासुर्डीच्या शालनबाई शिंदे मात्र दर वेळी एकच घ्यायच्या: “बाजारातनं आणली मेथीची जुडी, बबनरावांचं नाव घेते, सुई टोचा थोडी.” आणि बाहेर बाकावर बसलेले बबनराव ऐकून टोपी नीट करायचे.

अंगठाबहाद्दरांची दुसरी तऱ्हा म्हणजे चुकांची वही. लाल पुठ्ठ्याची, दोरीने पेन बांधलेली. काही चुकलं, चुकता चुकता राहिलं, तर त्यात लिहायचं. तारीख, काय झालं, काय केलं, रुग्णाला सांगितलं का, आणि शेवटच्या रकान्यात रुग्ण काय म्हणाला. मी ती वही पाच महिने कोरी ठेवली. मोठ्या अभिमानाने.

रोज संध्याकाळी ते यायचे. “कोरी?”

“कोरी!”

आणि ते उसासा टाकायचे. मला कळेचना. आपल्या वॉर्डात चूक नाही याचं या माणसाला दुःख का होतं? आम्ही ख्रिस्ती माणसं, चर्चमध्ये दर रविवारी पाप कबूल करतो, नाही असं नाही. पण ते सगळे मिळून, एका सुरात. सगळे मिळून केलं की सोपं जातं. एकटीने, वहीत, तारखेसकट लिहायचं म्हणजे काय?

त्यात परीक्षा एक नव्हे, दोन. एक आपल्या देशातली, तिच्यावर योजना अवलंबून. दुसरी परदेशातल्या एका संस्थेची, ट्रस्टच्या लोकांना हौस म्हणून. दोघांच्या याद्या वेगळ्या. एक यादी म्हणायची, घरच्यांना विश्वासात घ्या. दुसरी म्हणायची, आधी रुग्णाला सांगा, तो हो म्हणेल तरच घरच्यांना. आणि आमच्या दारातली रीत तिसरीच. मुलगा जिन्यातच हात जोडायचा, “शिष्टर, म्हातारीला कॅन्सर म्हनू नका, गाठ म्हना.” मी म्हातारीला गाठ सांगायची. आणि मुलगा पाणी आणायला गेला की म्हातारी माझा पदर ओढायची, “माझ्या पोराला सांगू नका बरं, मला कॅन्सर हाय त्ये.”

मी दोन्ही याद्या त्यांच्यापुढे आपटल्या. “यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही.”

“एकाच बाईला दोन्ही कसं करायचं?”

त्यांनी दोन्ही याद्या एकावर एक ठेवल्या. मग म्हणाले, “तिलाच विचारून.” आता याला काय उत्तर म्हणायचं? मी आणखीच गोंधळले.

परीक्षक यायला दोन दिवस होते. नवी पायपुसणी आलेली, पडदे धुऊन लावलेले, माझं लक्ष पडद्याच्या कड्यांत. कासुर्डीच्या शालनबाई शिंदे त्यांचा नेहमीचा दिवस सोडून आल्या होत्या, कारण आदल्या आठवड्यात रक्त कमी भरलं म्हणून त्यांना परत पाठवलेलं. त्याच दिवशी तळेगाव ढमढेऱ्याच्या शालनबाई शिंदे यायच्या होत्या. त्यांची जीप अजून पोचली नव्हती, पण त्यांची औषधाची पिशवी फाइलसकट खालून तयार होऊन आली होती. पिशवीवर शालन शिंदे. फाइलवर शालन शिंदे. खुर्चीत शालन शिंदे.

अंगठा जवळपास नव्हता. उखाण्याला वेळ कुणाला? चेहरा न बघताच मी फाइल उघडली आणि बाईची अडचण नको म्हणून मोठ्या मनाने मीच म्हटलं, “शालनबाई, मारुतरावांच्या ना तुम्ही?”

बाईंनी मान खाली घातली आणि पदर तोंडाला लावला.

मी त्याला होकार समजले. समजणारच. मी स्वतः नवऱ्याला जन्मभर ‘अहो’ म्हटलं, आणि कुणी त्यांचं नाव घेतलं की मीही अशीच खाली बघायची. लाजली, म्हणजे तीच. सही केली. माझ्या हाताखालच्या पोरीने माझ्या शब्दावर दुसरी सही केली. पिशवी आणि फाइल एकमेकींशी अगदी तंतोतंत जुळत होत्या. फक्त बाई दुसरी होती.

थेंब सुरू झाले. आणि अंगठाबहाद्दर आले. पायपुसणी सरळ करत करत खुर्चीपाशी पोचले आणि सवयीने अंगठा ठेवला.

“आता विचारा.”

“विचारलंय मी.”

“मी ऐकलं नाही.” ते बाईंकडे वळले. “घ्या बाई, तुमची मेथीची जुडी.”

शालनबाईंचा चेहरा असा काही खुलला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. “बाजारातनं आणली मेथीची जुडी, बबनरावांचं नाव घेते, सुई टोचा थोडी.”

अंगठा उचलला. खाली मारुती.

ते ओरडले नाहीत. हात वर करून नळीची चकती फिरवली आणि थेंब थांबवले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र एकाएकी पडद्याच्या कड्यांचा आवाज फार मोठा येऊ लागला.

दोन-चार चमचे गेलं असेल. डॉक्टर धावत आले. दुपारभर बाईंना झोपवून ठेवलं, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब. मानेला थोडी खाज सुटली, तीही उतरली. संध्याकाळी बाई चहा प्यायल्या आणि घरी गेल्या. त्यांचं स्वतःचं औषध त्यांना पुढच्या आठवड्यात मिळालं. तळेगावच्या शालनबाईंना त्यांचं. देवाची कृपा म्हणा. मी तर त्या रात्री देवाला इतकी आश्वासनं दिली की अजून फिटायची आहेत.

जाताना बाईंना मी काय सांगितलं? “पिशवी जरा बदलावी लागली हो.” बस्स.

बाई गेल्यावर साहेबांनी लाल वही माझ्यापुढे ठेवली. मी लिहिलं. अक्षर आईच्या म्हाताऱ्या अक्षरासारखं आलं. ‘रुग्णाला सांगितलं का’ या रकान्याशी पेन थांबलं.

मी म्हटलं, “लिहा ना तुम्हीच, सांगितलं म्हणून.”

“हा रकाना तुमचा.”

“परवा परीक्षक येतायत. या एका पानापायी खुर्च्या जातील. दौंडच्या बायका पुण्याहून येतील ओकत, ते चालेल?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे थकलेले दिसले. “मला नाही ठाऊक, सिस्टर,” म्हणाले. “जातीलही.”

ज्यांना सगळं ठाऊक असतं असं मी धरून चालले होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग मी एक शहाणपणा केला. परीक्षक यायच्या दिवशी सकाळी ती वही धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यात घातली. वरून तिसरी चादर.

परीक्षक आले. दोन्ही परीक्षा एकाच दिवशी. आपल्याकडच्या एक बाई, आणि परदेशी संस्थेतर्फे एक चश्मिष्ट गृहस्थ, पण तेही मराठीच बोलणारे. पायपुसण्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाईंनी विचारलं, “चुका कुठं लिहिता?”

सगळ्यांनी अंगठाबहाद्दरांकडे पाहिलं. त्यांना सगळं सांगता आलं असतं. वही कुठं आहे तेही, कारण मी गठ्ठा रचत होते तेव्हा ते दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे हात केला.

“त्यांना सांगू द्या.”

तेव्हा कळलं, दुसऱ्याला बोलू देणारा माणूस कधी कधी किती दुष्ट वाटतो. मी चादरी उपसल्या. एक, दोन, तीन. वही काढली. आणि सांगितलं. मारुतराव, बबनराव, मेथीची जुडी, चादरी, सगळं. बाईंनी रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे कधी सांगणार?”

“रविवारी,” मी म्हटलं. का रविवारी, कुणास ठाऊक.

निकाल आला तो तुम्हीच मला समजावून सांगा. आपल्याकडच्या परीक्षेत पास. कारण, वहीत चूक प्रामाणिकपणे नोंदलेली. परदेशी परीक्षेत नापास. कारण, पाच महिन्यांत चूक एकच कशी, म्हणजे लिहीत नसणार. एकच वही, एकच पान. एकाने त्या पानासाठी पाठ थोपटली, दुसऱ्याने त्याच्या आधीच्या कोऱ्या महिन्यांसाठी कान धरला. आणि ते कोरे महिने माझा अभिमान होते! खुर्च्या राहिल्या. मी आठवडाभर हसावं की रडावं या विचारात होते.

कबूल केल्याप्रमाणे त्याच रविवारी, चर्च सुटल्यावर अंगठाबहाद्दरांच्या स्कूटरवर मागे बसून मी कासुर्डीला गेले. शालनबाईंच्या घराशी त्यांनी स्कूटर थांबवली आणि उतरलेच नाहीत.

“तुम्ही येत नाही?”

“मी आलो तर तुम्ही मला बोलायला लावाल.”

मी एकटी आत गेले. बाईंनी पाणी दिलं, मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि काहीतरी म्हणाल्या. मी बाहेर आले तेव्हा ते स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटाने पुसत होते.

“सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही म्हणाल्या.”

वहीच्या शेवटच्या रकान्यात, रुग्ण काय म्हणाला, तिथं मी लिहिलं: काही नाही. त्यांनी ते वाचलं, मान हलवली, वही मिटली. अंगठा ठेवून तपासण्याजोगी ती गोष्ट नव्हती. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. या एका गोष्टीचा मला आजवर उलगडा झाला नाही. जो माणूस आप्पांना दर खेपेला नाव विचारायचा, त्याने मला एकदा तरी परत विचारायला नको होतं का?

त्यानंतर ती वही कोरी राहिली नाही. मी इतकं लिहू लागले की तेच एकदा म्हणाले, “सिस्टर, पेन संपलंय.” माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला एक नवं पेन दिलं, दोरीसकट.

मागच्या वर्षी ते गेले. हृदयाचं काहीतरी झालं, कुणाला विचारायलाही वेळ मिळाला नाही. शिरूरच्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती तेव्हा. भिंतीवर एका बाईचा जुना फोटो, हार वाळलेला. ते कारखाना सोडून कॅन्सरच्या वॉर्डात का आले, घरी कोण होतं, कोण गेलं होतं, इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. माझं आपलं, मला ठाऊक आहे. मी त्यांच्या मुलीजवळ बसले आणि फोटोकडे बघून म्हटलं, “तुझ्या आईचं नाव काय, बाळा?”

तिने सांगितलं. पूर्ण, मधल्या नावासकट. मी ते मनात दोनदा म्हटलं.

शालनबाई आहेत. कासुर्डीहून कुणी आलं की मेथी पाठवतात. जुडी हातात घेतली की तो खोटा रकाना माझ्यापुढे उभा राहतो. साहेब असते तर आज मी ती लाल वही त्यांच्यापुढे केली असती. काही नाही म्हणाल्या, हे खोटं होतं हो साहेब. ओसरीवर तांदूळ निवडता निवडता, वर न बघता, त्या म्हणाल्या होत्या. माझ्या तोंडाने नको, त्यांनाच सांगू देते:

“मला तवाच कळलं हुतं, शिष्टर. माजं अवशीद लाल असतंय, आन् त्ये पान्यावानी हुतं. नाव बी तुमी दुसऱ्याच बाप्याचं घ्येतलं. पर चुकलं म्हनून सांगायचं तर ह्यांचं नाव घ्यावं लागलं आसतं, आन् उखाना तर तुमी इचारलाच न्हाई.”